बालविभागातला बिनगोळ्यांचा गोळीबार

गोळीबाराच्या खेळातून गोळीबार काढणं हे अडकलेल्या लिफ्टमधून माणूस काढण्याइतकं सोपं असतं, असं ग्रंथपालबाईंच्या यजमानांनी जाहीर केलं. यजमान लिफ्टदुरुस्तीचंच काम करत. अडकलेली माणसं त्यांनी आजवर पुष्कळ काढली होती, म्हणून बाईंचा विश्वास बसला. तिथेच घात झाला.

विश्वास ठेवण्यावाचून बाईंना गत्यंतरही नव्हतं म्हणा. वाचनालयाचा बालविभाग ओस पडला होता. आठवड्याला तीन मुलं यायची, त्यातली दोन पाणी प्यायला. विश्वस्तांनी ठरवलं होतं की, महिनाअखेरच्या शनिवारी अकराला अध्यक्ष आणि सचिव जातीने येऊन बघतील. मुलांना ओढून आणणारं काही दिसलं तर ठीक, नाहीतर ती खोली जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांना द्यायची. त्या खोलीतली बुटकी कपाटं बाई बावीस वर्षं स्वतःच्या हाताने पुसत आल्या होत्या. तिथे गठ्ठे येणार म्हटल्यावर त्यांनी ती त्या दिवशी दोनदा पुसली.

आता यजमानांचा नाद सांगायला हवा. टीव्हीला जोडायचा गेमचा एक जुना डबा त्यांनी तरुणपणापासून जिवापाड जपला होता आणि त्यावर ते तीस वर्षं एकच खेळ खेळत होते. एक गुप्तहेर, हातात पिस्तूल, शत्रूचा तळ, दिसेल त्या पहारेकऱ्याला आडवं करायचं. असल्या जुन्या खेळांवर जीव टाकणारे चाहते जगभर आहेत. ते हौसेने खेळाच्या पोटात शिरतात आणि आतलं सगळं पालटून टाकतात. त्याला टोटल कन्व्हर्जन म्हणतात.

"अगं, सांगाडा तेवढा जुना," यजमानांनी समजावलं. "वरचं कातडं, कपडे, सगळं नवं. तळाचं करायचं वाचनालय, पहारेकऱ्यांचे वाचक, आणि पिस्तुलाच्या जागी पुस्तक. बटण दाबलं की वाचकाला पुस्तक मिळालं. मुलं रांगा लावतील."

तीन आठवडे ते कामावरून आले की हातपाय धुऊन कॉम्प्युटरपुढे बसत. काडतुसांच्या खोक्यांची पुस्तकांची खोकी झाली, पहारेकऱ्यांच्या धोक्याच्या बटणाची भिंतीवरची घंटा झाली. वाचकांच्या चेहऱ्यांशी मात्र गाडी अडली. जुन्या डब्यात जागा ती केवढी! चारच चेहरे मावायचे, तेच सगळ्यांना आळीपाळीने लावायचे. यजमान एका दुपारी वाचनालयात येऊन फोटो काढून गेले. कुणाचे काढलेत, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "भिंतीवरच्या फ्रेममधले कुणीतरी. चेहरे स्वच्छ आहेत." बाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शुक्रवारी यजमानांनी खेळ दाखवला. पडद्यावर त्यांचंच वाचनालय! तीच खिडकी, तोच उन्हाचा कवडसा, तीच बुटकी कपाटं. बाईंचे डोळे भरून आले. वाचक कुठे आहेत, असं त्यांनी हळूच विचारलं. यजमान म्हणाले, काम चालू असताना माणसं बंदच ठेवायची असतात, नाहीतर ती अंगावर येतात आणि भिंती नीट तपासू देत नाहीत. उद्या चालू करतो. बाईंना ते पटलं. वाचक बसलेले असताना त्यांनाही कपाटं पुसता येत नसत.

शनिवारी यजमानांनी घरचा टीव्ही आणि डबा बालविभागात मांडला आणि एकोणीस मुलं जमली. बाईंनी दोनदा मोजली. अध्यक्ष आले, हे भरघोस मिशांचे निवृत्त भूमापक. पाठोपाठ जाड चष्म्याचे सचिव आले, हे निवृत्त मुख्याध्यापक. दहा वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. पंखा किती जोरात असावा यावरसुद्धा नाही.

यजमानांनी माणसं चालू केली. कपाटापाशी एक वाचक पाठमोरा उभा होता. यजमानांनी बटण दाबलं. पुस्तक भिरभिरत गेलं आणि त्याच्या पाठीत बसलं. वाचकाने छाती धरली, एक गिरकी घेतली आणि तो दाणकन आडवा झाला. मग हळूहळू विरघळून नाहीसाही झाला.

एकोणीस मुलं एकदम पुढे सरकली.

"आजोबा मेले का?" एका मुलीने विचारलं.

"नाही गं बाळ," बाई म्हणाल्या. "वाचनात बुडाले."

झालं होतं असं की, सांगाडा जुना. पुस्तक घेऊन शांतपणे बसावं, ही हालचाल त्या सांगाड्याला ठाऊकच नव्हती. त्याला फक्त पडणं ठाऊक होतं, तेही अठरा प्रकारांनी. दुसऱ्या वाचकाच्या पायाला पुस्तक लागलं, तो लंगडी घालू लागला. तिसऱ्याने पुस्तक बघूनच हात वर केले. चौथा धावत घंटेकडे गेला, आणि घंटा वाजताच आतल्या खोल्यांतून झुंडीच्या झुंडी बाहेर पडून यजमानांवर पुस्तकं फेकू लागल्या.

यजमानांना घाम फुटला. "ते... पुस्तकं परत करतायत," ते म्हणाले.

"मुदतीच्या आत," बाईंनी क्षीण आवाजात जोड दिली.

इतक्यात एका वाचकाने तोंड वळवलं. भरघोस मिशा. अध्यक्ष उठले आणि पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. फ्रेममध्ये कोण होतं, ते बाईंना आत्ता आठवलं. विश्वस्त मंडळ! यजमानांना त्या खुणावणार, तोच तीस वर्षांच्या सवयीचा अंगठा दाबला गेला. पडद्यावरचे अध्यक्ष दोन्ही हात छातीवर ठेवून परीकथांच्या कपाटापुढे कोसळले. मागून दुसरे अध्यक्ष आले, तेही कोसळले.

सचिव हसले. दहा वर्षांत प्रथमच. "पुन्हा दाखवा हो," ते म्हणाले.

मग कपाटाआडून जाड चष्मा डोकावला. अध्यक्षांनी यजमानांपुढे हात पसरला. "आणा तो कंट्रोलर इकडे."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना छतापर्यंत गठ्ठेच गठ्ठे दिसू लागले. उघडले तेव्हा अध्यक्षांनी सात सचिव आडवे केले होते. हा एकतर्फी अन्याय आहे, असं सचिवांचं म्हणणं पडलं. त्यावर यजमानांनी सांगितलं की, पडदा दुभागून दोघांनाही खेळता येतं. दुसरा कंट्रोलर पिशवीत होताच.

"पाठीमागून काय मारता, अध्यक्षमहाराज? समोर या."

"ठरावाच्या वेळी तुम्ही आला होतात समोर?"

दीड वाजला. मुलं टाचा उंचावून दमली. शेवटी बाईंनी धीर करून विचारलं, "मग... गठ्ठ्यांचं काय ठरलं?"

"गठ्ठे? इथे?" अध्यक्षांनी मान वळवली नाही. "मग टीव्ही कुठे ठेवणार, बाई?"

"अनुमोदन," सचिव म्हणाले, आणि त्यांनी अध्यक्षांना लोळवलं.

मंगळवारी लेखी ठराव आला. बाईंनी तो उभ्या उभ्याच वाचला. बालविभाग कायम राहील. बाईंनी कागद कपाळाला लावला, मग पुढची ओळ वाचली. दर शनिवारी अकरा ते दोन या वेळेत बालविभागात मुलांना मज्जाव राहील.

मुलं येतात. आता तीस-पस्तीस येतात आणि दोन वाजेपर्यंत मोठ्यांच्या दालनात ताटकळत बसतात. तिथे दुसरं काही नाही, म्हणून वाचतात. मोठे वाचक कुरकुरतात की, बसायला खुर्ची उरत नाही. अशी तक्रार थेट विश्वस्तांकडे न्यायची, हा नियम आहे. बाई दोनदा घेऊन गेल्या. दोन्ही वेळा बालविभागाच्या दाराला आतून कडी होती.