आतला टायर

"आज तुमच्या तोंडातून टायर हा शब्द निघाला, तर मी लेकीला घेऊन सरळ माहेरी जाईन," आप्पांच्या बायकोने सकाळीच बजावलं.

"अगं, लग्न ठरवायला येणाऱ्यांशी मी टायरबद्दल कशाला बोलेन?"

"मागच्या वेळी बोललात. त्या मुलाच्या काकांना म्हणालात, तुमची गाडी बघून मला झोप लागणार नाही. पुन्हा फिरकले का ते?"

फिरकले नव्हते, हे खरं होतं. आप्पांचं मोठ्या गाड्यांच्या टायरचं दुकान होतं आणि त्यांची नजर माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या चाकांवर जायची. 'अजून एक फेरी निघेल की,' असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तर ते दुकानाच्या पायरीवरच फैलावर घेत. टायरच्या खाचेच्या तळाशी रबराचा लहानसा उंचवटा असतो. टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की संपला, हे ते इतक्या पोटतिडकीने सांगत, की बिचाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्याच घरात काही वाईट घडल्यासारखं वाटे.

पण ही सोयरीक मोडून चालणार नव्हतं. मुलगा लेकीने स्वतः पसंत केला होता आणि तिचा आनंदाने फुललेला चेहरा बघून आप्पांनी तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं. त्यांनी बायकोने आणलेला नवाकोरा पांढरा शर्ट घातला. तिने घर लख्ख केलं आणि पडवीतल्या आप्पांच्या जुन्या स्कूटरवर चादर टाकून दिली.

दुपारी दारात ब्रेकचा 'फुस्स' असा आवाज झाला. पाहुणे चक्क दहाचाकी ट्रकमधून उतरले. मुलाच्या वडिलांचा मालवाहतुकीचा धंदा होता आणि त्यांची कार ऐन वेळी रुसली होती.

"इथूनच पुढे सिमेंट भरून घाट उतरायचाय," सोफ्यावर टेकत मुलाचे वडील म्हणाले. "चिरंजीवच चालवतात. चांगला हात बसलाय त्याचा."

आप्पांना खिडकीसमोरची खुर्ची मिळाली, तिथेच सगळं बिघडलं. खिडकीतून ट्रकची मागची चाकं दिसत होती. बाहेरच्या बाजूचा टायर कोरा करकरीत होता. दिसतो तो टायर बदलायचा आणि त्याला चिकटून आत बसलेला, न दिसणारा, देवाच्या भरवशावर सोडायचा, ही जात त्यांच्या चांगली ओळखीची होती. चहा आला, बिस्किटं आली, मुलाच्या शिक्षणाचं बोलणं झालं. आप्पांच्या कानात काही शिरेना.

"मग आप्पा, मुलगा कसा वाटला?" मुलाच्या आईने विचारलं.

"आतला बघितल्याशिवाय कसं सांगू?"

बायकोने असा कटाक्ष टाकला, की आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली.

"म्हणजे, माणूस आतून कसा आहे ते हळूहळूच कळतं ना," त्यांनी कसंबसं सावरलं. "मी जरा हात धुऊन येतो."

हात धुवायला गेलेले आप्पा मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून ट्रकखाली शिरले. चाकाच्या मागून हात घालून त्यांनी आतला टायर चाचपला. खाच लागेना. खाचच नाही म्हटल्यावर उंचवट्याची काय कथा? मग काहीतरी टोचलं. रबर झिजून पोलादी तार बाहेर आली होती. आप्पांनी घाबरून हात ओढला, तर तारेने नव्या शर्टाची बाही पकडलेली. जोर लावला तर टर्र असा आवाज आला. बायकोने इतक्या हौसेने आणलेला शर्ट! आप्पा तसेच ओणवे राहिले आणि विचार करू लागले.

तेवढ्यात शेजाऱ्यांनी हॉर्न वाजवला. त्यांची गाडी ट्रकमुळे अडकली होती.

"एक मिनिट हं, पुढे घेतो!" असं म्हणत मुलगा केबिनमध्ये चढला आणि त्याने इंजिन सुरू केलं.

"थांब रे! अरे थांब!" आप्पा जिवाच्या आकांताने ओरडले.

इंजिन बंद झालं. सगळं घर धावत बाहेर आलं.

"आप्पा, तुम्ही खाली काय करताय?" मुलाचे वडील वाकून बघत म्हणाले.

"बटण पडलं."

"आणि हात चाकात कशाला?"

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माहेरची वाट स्पष्ट दिसत होती. मग त्यांना लेक दिसली आणि केबिनमधून उतरलेला तो हसरा पोरगा. भरलेला ट्रक घेऊन हा याच टायरवर घाट उतरणार, या विचाराने त्यांना भडभडून आलं.

"टायर!" ते ओरडले. "तुमचा आतला टायर संपलाय! तारा बाहेर आल्यात, माझी बाही धरून बसल्यात. मोडायचं तर मोडा लग्न, पण हा पोरगा या टायरवर घाट उतरणार नाही!"

मुलाचे वडील लाल झाले. "अहो, उगाच काय घाबरवता? अजून एक फेरी निघेल की."

"निघेल काय निघेल?" मुलाची आई कडाडली. "मी ओरडून ओरडून थकले. मला म्हणतात, तुला त्यातलं काय कळतं! आता आप्पांना तरी कळतंय ना?" ती आप्पांच्या बायकोकडे वळली. "ताई, आमच्याकडून सोयरीक पक्की. यांना तोंडावर सुनावणारं माणूस मला हवंच होतं."

लेकीने कात्रीने बाही कापून बापाला सोडवलं. मुलाने फोन करून सिमेंट पुढे ढकललं आणि आप्पांनी दुकानातून नवा टायर मागवला. बायकोने फाटक्या शर्टाबद्दल चकार शब्द काढला नाही. आप्पांची छाती दोन इंच फुगली. पडवीत उभं राहून त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना उंचवट्याबद्दल सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं.

व्याह्यांनी मघाशी तो आतला टायर स्वतः चाचपून पाहिला होता. हात काळे झाले होते, ते पुसायला त्यांनी जवळची चादर ओढली. खालून स्कूटर निघाली. त्यांनी तिच्या मागच्या टायरवरून सावकाश बोट फिरवलं. टायर ताटासारखा गुळगुळीत होता.

"आप्पा, ही कुणाची?"

"अहो, सांगा ना त्यांना," आप्पांची बायको गोड आवाजात म्हणाली. "टायर कधी बदलायचा असतो ते."

सगळे आप्पांकडे बघत होते. आप्पांनी उरलेली बाही सारखी केली.

"तो होय?" ते हळूच म्हणाले. "त्याची अजून एक फेरी निघेल की."