गुरुवारची धार

म्हशीचं दूध वाढावं, धाकट्या लेकीला, विजयमालेला पोटभर मिळावं, म्हणून केशरनं वर्षभराचे गुरुवार धरले होते. पण हे म्हशीला कुणी सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी सगळं बरं असे. दुपारी डोकं ठणकायला लागे. संध्याकाळी केशर गोठ्यात शिरली, की चरवी आपटे, रेडकाला ओढे. मग म्हैस पान्हा चोरी.

"गप उभी ऱ्हा की गं, सटवे! तुझ्यापायीच उपाशी मरतीय मी!"

म्हशीनं लाथ झाडली. चरवी आडवी. घरात विजयमालेनं भोकाड पसरलं.

"म्हशीला हात कळतो, पोरी," सासू बनुबाई म्हणाली. "उपाशी हाताला ती दूध द्यायची न्हाई."

"मग सोडू का गुरुवार?"

"देवाला बोललेलं सोडत्यात व्हय? घरातल्या कुनीबी धरला तरी चालतंय."

दोघींनी केशरच्या नवऱ्याकडं, पुंजारामाकडं पाहिलं. तो तिसरी भाकरी कुस्करत होता. त्याचा घास तोंडातच राहिला.

पुढच्या गुरुवारी पुंजाराम उपाशीपोटी सायकलवर शेवगावला पेंड आणायला गेला. केशर पोटभर जेवली. संध्याकाळी ओवी गुणगुणत धारेला बसली. म्हैस डोळे मिटून रवंथ करत राहिली आणि चरवी फेसानं भरली. विजयमाला वाटीभर दूध प्याली, ओठावर पांढरी मिशी उमटली.

आता हा भुकेला माणूस घरात पाऊल टाकताच कुणावर खेकसणार, या धास्तीनं केशर दारातच उभी राहिली. पण पुंजाराम शीळ घालतच आला.

"काय म्हंती माझी मालू?" त्यानं लेकीला उचलून घेतलं.

"अवो, भूक न्हाई लागली?"

"देवाची किरपा! नावबी न्हाई भुकंचं."

"माझं लेकरू गं! कडक उपास, पर तोंड बघा कसं हसरं," बनुबाईला भरून आलं. ती देव्हाऱ्याकडं हात जोडायला वळली.

तेवढ्यात विजयमालेनं बापाच्या मिशीतून काहीतरी ओढलं. तळलेल्या कांद्याची काडी! भज्यातली.

पुंजारामाचं हसू मावळलं. केशरनं कांद्याकडं पाहिलं, भरल्या चरवीकडं पाहिलं, लेकीच्या दुधाच्या मिशीकडं पाहिलं. खरं बोललं, तर गुरुवार पुन्हा तिच्याच गळ्यात. सासू पुन्हा इकडं वळायच्या आत तिनं पदराच्या टोकानं नवऱ्याची मिशी पुसली.

पुढच्या गुरुवारी तिनं त्याच्या हातात पिशवी दिली.

"शेवगावला जाऊन या."

"अगं, पेंड हाय की अजून!"

"असू द्या. जावा." मग हळूच म्हणाली, "आन् पिशवीत रुमाल ठेवलाय. उपासाला लागतो."