पाणी चाखणारे जनूकाका

आमच्या शेजारचे जनूकाका गळणारं पाणी आधी चाखतात. टाकी गळो, नळ गळो, बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि मगच पाना मागायचा. मांडव्याच्या लाँचवर त्यांनी उभा जन्म इंजिन सांभाळलं. तळाला पाणी दिसलं की ते खारं की गोडं, यावर पुढचं सगळं ठरायचं. खारं म्हणजे समुद्र आत आला, गोडं म्हणजे पिण्याची टाकी फुटली. काका निवृत्त होऊन नागावला आले, पण जीभ काही निवृत्त झाली नाही.

“पानी खोटं बोलत नाय गो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेच्या छतातून ठिबकणारं पाणी चाखून त्यांनी “वर कबुतरं हायत” असं सांगितलं होतं. होतीच. मुख्याध्यापकांनी घाईघाईने त्यांना चूळ भरायला तांब्या दिला.

आम्ही घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. गेल्या हिवाळ्यात, बुधवारी सकाळी आमच्या वॉशिंग मशीनखालून पाणी वाहायला लागलं. शुक्रवारी आठ माणसं येणार होती आणि चादरींचा ढीग तसाच पडलेला. अलिबागच्या मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला, “पुढच्या आठवड्यात बघू.” मी फरशी पुसत होते, तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला.

“काय गो मीना, गळतंय काय?”

मी हो म्हणेपर्यंत काका आत आलेसुद्धा. “आधी पिन काढ,” म्हणाले आणि खाली बसून त्यांनी बोट बुडवलं. मी तोंड फिरवलं.

“साबनाचं हाय,” ते म्हणाले. “म्हंजी पानी आत जाऊन, कपड्यांना भेटून आलंय. नळाकडचा पाइप निर्दोष. त्याला सोडा.”

न्यायाधीशाने आरोपीला सोडावं तसं त्यांनी पाइपावर थोपटलं. मग दाराचं रबर धरलं. त्याच्या घड्यांतून केस, एक हेअरपिन आणि कुणातरी पाहुण्याच्या मोज्याचं टोक निघालं. काकांनी रबर फडक्याने आरशासारखं लख्ख केलं. “लाव पिन!”

दहाच मिनिटांत पाणी पुन्हा फरशीवर.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी परत चाखलं, या वेळी जरा जास्त वेळ.

“कचकच लागली,” ते पुटपुटले. “वाळू हाय.”

आमच्याकडचे पाहुणे समुद्रावरून येतात ते अर्धा किनारा खिशात घेऊन, हे मला माहीत होतं. तो मशीनच्या पोटात साठतो हे माहीत नव्हतं. काकांनी पिन पुन्हा काढायला लावली, पुढच्या बाजूचं खालचं छोटं दार उघडलं आणि आतली गाळणीची फिरकी पिळली. ती सुटली आणि मशीनमधलं उरलंसुरलं सगळं पाणी आमच्या पायांवर आलं.

“उपसा! उपसा!” काका लाँचवर असल्यासारखे ओरडले. मी केरसुणीजवळची सुपली घेतली, त्यांनी कणीक मळायची परात, आणि आम्ही दोघांनी स्वयंपाकघर बुडण्यापासून वाचवलं.

फिरकीच्या रबरी वायसरवर वाळूचे कण चिकटले होते, म्हणून ती घट्ट बसत नव्हती. एवढंच. काकांनी वायसर धुतला, कडेवरून बोट फिरवून खात्री केली आणि फिरकी आवळली.

“आता चादरी घालू?” मी विचारलं.

“नाय, नाय. पयल्या फेरीला माझे कपडे. फाटले तर माझे फाटूदेत.”

ते घरी जाऊन बोचकं घेऊन आले, स्वतःच्या हाताने मशीन भरलं आणि समोर स्टूल टाकून बसले. सव्वा तास हलले नाहीत. एक थेंब गळला नाही.

मी दार उघडलं आणि कपडे बाहेर ओढत गेले. एकामागून एक सहा पातळं निघाली. सगळी काकींची.

काकी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. मुलीची नोकरी, बाळ लहान, म्हणून तिथेच राहिल्या.

“कपाटात राहून वास मारतात,” काका माझ्याकडे न बघता म्हणाले. “आपली हवा अशी. ती येल तवा नेसायला नकोत काय? सावलीत घाल हां, रंग जातो.”

आंब्याखालच्या दोरीवर पातळं वाळेपर्यंत काका आमच्या पायरीवरच बसून होते. जेवायला वाढलं, तिथेच जेवले. माझ्या चादरी धुऊन झाल्या, तरी उठले नाहीत.

ऊन उतरल्यावर मी पहिलं पातळ काढलं, तशी त्यांनी लगेच दोन टोकं पकडली.

“काका, तुमच्याकडे पण मशीन आहे ना? मुलीने पाठवलेलं?”

“हाय की. झ्याक चालतंय.”

“मग?”

त्यांनी काठ सरळ केला. “धुवायचं समदं व्हतं गो घरात. पन घडी घालायला पल्याडची टोकं कोन धरल?”

मी ती धरली. काका दोन पावलं पुढे आले, काठाला काठ जुळवून त्यांची टोकं माझ्या हातात दिली आणि वाकून खालची दुमड उचलली. सहाही घड्या आम्ही तशाच घातल्या. शेवटी त्यांनी ती चळत छातीशी धरली.

“पुढच्या म्हैन्यात एकदा येऊन मशीन बघून जाईन,” ते म्हणाले.

“मशीनला काही झालं नाही तरी या,” मी म्हटलं. “पातळं घेऊन या.”