गारांतला हंस आणि मीटबॉलची हंडी

मार्लिसनं मीटबॉलच्या विजेच्या हंडीची पिन खोचली आणि मागच्या व्हिडिओ गेमचा पडदा काळा झाला. आपण काय उपटलं ते तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

"ऑर्व्हिल! मेले रे मी!"

नवरा बोलिंगचा चेंडू तसाच टाकून धावला. "हात भाजला?"

"हंस बंद पडला."

ऑर्व्हिल मटकन खाली बसला.

त्यांच्या बोलिंगघरात, म्हणजे बोलिंग ॲलीत, हंसाचा तो व्हिडिओ गेम १९८३ पासून होता. गारा चुकवत हंसाला घरी न्यायचं, बस्स. सर्वाधिक गुणांच्या यादीत पहिला होता नेहमी येणारा ड्वेन हॉगन. आकडा चौऱ्याऐंशी हजार दोनशे दहा, पुढे त्याच्या नावाची तीन अक्षरं. मशीन बंद पडलं की यादी पुसली जायची. म्हणून, वीज गेली तरी चालावं यासाठी ऑर्व्हिलनं त्याला बॅटरीचा डबा जोडला होता. आज बोलिंगच्या मोसमाच्या शेवटच्या जेवणासाठी सगळी घरं आपापल्या हंड्या घेऊन आलेली. बाकी सगळ्या जागा अडलेल्या, म्हणून मार्लिसनं नेमकी त्या डब्यातलीच पिन काढली.

"परत लाव!"

लावली. हंस आला. यादीत कारखान्यानं आधीच भरलेली खोटी नावं आली. ड्वेन नव्हता.

"चारला येईल तो," मार्लिस कुजबुजली. "महिन्यापूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालंय. धक्का बसू देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय!"

"मग आपणच खेळून आकडा गाठू. त्याची अक्षरं टाकू."

ऑर्व्हिलचा हंस पहिल्याच गारेला मेला. मार्लिसचा तर उडालाच नाही.

कोपऱ्यात ग्लॅडिस विणत बसली होती. वय एकोणऐंशी. तरुणपणी ती इथंच बोलिंगचे बूट भाड्यानं द्यायच्या खिडकीवर कामाला होती. तिनं सुया ठेवल्या. "सरका. हंसाचे हाल बघवत नाहीत."

ती खेळायला लागली आणि दोघांची तोंडं उघडीच राहिली. हंस गारांतून लोण्यातल्या सुरीसारखा निघाला. पावणेचारला आकडा नव्वद हजारांवर गेला.

"पुरे, ग्लॅडिसबाई! आता ड्वेनची अक्षरं!"

ग्लॅडिसनं अक्षरं टाकली. स्वतःची.

"अहो, हे काय केलंत!"

तेवढ्यात दार उघडलं. ड्वेन आत आला आणि सवयीनं आधी पडद्याकडे गेला. सगळ्यात वर ग्लॅडिसची अक्षरं बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. मार्लिसनं खुर्ची पुढे सरकवली, ऑर्व्हिलनं फोन हातात घेतला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" ड्वेन पुटपुटला.

"काय सांगितलं?"

"बाकीचे खेळ विसरतात, हा लक्षात ठेवतो, म्हणून हा वेगळा, असं मी गावभर सांगत फिरलो. आणि मला भीती त्याच्या लक्षात ठेवण्याचीच होती." तो खुर्चीत बसला. "माझ्या नावावरचा तो आकडा ग्लॅडिसचा होता. नाव टाकायच्या वेळीच तिला फोन आला. ती गेली, आणि मी माझी अक्षरं टाकली."

मार्लिसच्या हातातला मीटबॉल वाढायचा डाव खाली पडला.

"ठाऊक आहे," ग्लॅडिस सुया उचलत म्हणाली. "फोन घेतला तिथून सगळं दिसत होतं."

आता धक्का ड्वेनला बसला. "एक्केचाळीस वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"तेव्हापासून दर गुरुवारी तू मला डोनट आणून देतोस. बोलले असते तर दिला असतास?"

ड्वेननं हातातली पिशवी उघडून या गुरुवारचा डोनट काढला, तिच्यासमोरच त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा आपल्या तोंडात टाकला.