माझ्या देखरेखीखालचं अंजीर

यापुढे घरात अंजीर विकत आणायचं नाही, असं मी एका रविवारी सकाळी जाहीर केलं आणि माझं वर्ष वाया गेलं. खरं म्हणजे तेव्हा माझ्या तोंडात टूथब्रश होता. तो मी बोलण्यासाठी मुद्दाम बाहेर काढला नसता, तर वाक्य कुणाला कळलंही नसतं.

त्याचं असं झालं. आमच्या सासऱ्यांना (ते आमच्याकडे राहतात, मी त्यांच्याकडे राहतो असं त्यांचं मत आहे) डॉक्टरांनी रोज सकाळी दोन सुकी अंजिरं भिजवून खायला सांगितली होती. तक्रार पोटाची. जास्त तपशील मी देणार नाही, पण सासरे देतात. रोज, चहाच्या वेळी. जन्मभर जमिनी मोजण्याची नोकरी केल्यामुळे त्यांना कुठलीच गोष्ट मोघम सांगता येत नाही.

त्या सकाळी बायको पिशवी घेऊन निघाली होती. "बाबांची अंजिरं संपलीत," ती म्हणाली.

"अगं, परसात अख्खं अंजिराचं झाड उभं असताना तू अंजिरं विकत आणणार?"

"त्या झाडाला चार वर्षांत एक फळ लागलेलं नाही. मी ते काढून तिथे कपडे वाळत घालायला तार बांधणार आहे."

"कुणी लक्ष दिलं नाही म्हणून लागलं नाही. मी लक्ष देतो. वर्षाच्या आत बाबांना घरची अंजिरं."

बायकोनं पिशवी खाली ठेवली. (ती ज्या शांतपणे ठेवली, ते पाहूनच मी शब्द मागे घ्यायला हवे होते.) "ठीक आहे. एक वर्ष. फळ आलं तर झाड, नाही आलं तर तार. तोवर बाबांना डॉक्टरांची ती पावडर देते. का देते ते मात्र तुम्ही सांगा त्यांना."

मी सांगितलं. सासऱ्यांनी पावडर पाण्यात ढवळली, ग्लास उजेडाकडे धरला आणि त्यातून आरपार माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घराचं हवामान त्यांच्या पोटावरून ठरू लागलं.

थंडीत पानं झडल्यावर मी नर्सरीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "थोडं छाटा."

"थोडं म्हणजे किती?"

"अंदाजानं."

आता मी आवक-जावक विभागातला कारकून. आमच्याकडे पाकिटावर तिकीटसुद्धा अंदाजानं लावत नाहीत. तरी करवत घेऊन उभा राहिलो. आधी डावीकडची एक फांदी कापली. त्यामुळे झाड उजवीकडे झुकल्यासारखं दिसू लागलं, म्हणून उजवीकडच्या दोन कापल्या. मग डावी बाजू जड वाटायला लागली. असं दोन्ही बाजूंना न्याय देता देता दुपार झाली, आणि मी घाम पुसून मागे सरकून पाहिलं तेव्हा न्याय देण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

सासरे काठी टेकत बाहेर आले. "जावईबापू, झाड कुठे गेलं?"

"छाटणी केली, बाबा."

त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. (आंघोळीचा वेळ सोडला तर ती त्यांच्या खिशातच असते.) बुंध्याला लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वहीत लिहून घेतलं. "काल अकरा फूट चार इंच होतं. आज तीन फूट दोन इंच. बाकीचं केव्हा काढताय?"

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. संध्याकाळी तिच्या हातात तारेचं भेंडोळं दिसलं.

मी मात्र जिद्द सोडली नाही. झाडाला अख्खं पोतं खत घातलं. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. नर्सरीवाला म्हणाला, "अहो, मुळं कुजतील." मग पाणी बंदच केलं. बुंध्याला बारीक पालवी फुटली होती, तिनं माना टाकल्या. मग पुन्हा पाणी. त्या झाडाला बोलता आलं असतं तर त्यानं काय शब्द वापरले असते याची मला कल्पना आहे, कारण तसेच शब्द त्या दिवसांत सासरे वापरत होते.

आणि तरीसुद्धा ऊन तापायला लागल्यावर एके सकाळी जुन्या खुंटांवर हिरवी अंजिरं दिसली! चांगली नऊ. मी घरभर ओरडत फिरलो. सासऱ्यांनी बाहेर येऊन नऊच्या नऊ फळांना क्रमांक दिले आणि वहीत नोंदवले. त्या दिवशी ते मला "या, बसा" म्हणाले. माझ्याच घरात.

पण पाखरांनाही बातमी लागली होती. दोन साळुंक्या कुंपणावर बसून आमच्या झाडाकडे अशा काही बघत होत्या की मला ऑफिसात काम सुचेना. शेवटी शनिवारी मी निर्णय घेतला. नऊही अंजिरं हिरवी असतानाच तोडली आणि पिकायला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. तोडताना देठातून पांढरा चीक बोटांवर सांडत होता. उकाडा होता, म्हणून त्याच हातांनी मी कपाळ, गाल, मान, सगळं पुसलं.

सोमवारी मी ऑफिसात गेलो. साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "बोला, आपलं काय काम होतं?" त्यांच्या हाताखाली मी चौदा वर्षं आहे.

"साहेब, मी."

त्यांनी आवाज ओळखला, खुर्ची दोन फूट मागे घेतली आणि मला आठवड्याची रजा दिली. रजा मागून मिळत नाही अशा ऑफिसात ती न मागता मिळवणारा मी पहिलाच. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, "अंजिराचा चीक. खाजवू नका." (खाज सुटलेल्या माणसाला असला सल्ला देणारी माणसं शिकून मोठी होतात.)

आठ दिवसांनी डबा उघडला. आत नऊ गोट्या होत्या. सुरकुतलेल्या, रबरासारख्या. सासऱ्यांनी क्रमांक पाच चावून पाहिला आणि कवळी काढून तपासली.

"अंजीर झाडावरच पिकतं," बायको भांडी पुसत म्हणाली. "एकदा तोडलं की नाही पिकत."

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लक्ष देत होतात ना? म्हटलं मध्ये कशाला बोला."

मी झाडाचा नाद सोडणार होतो. पण झाडानंच माझा नाद सोडला नाही. मी जिथे जिथे कापलं होतं तिथे तिथे नवे धुमारे फुटले, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक अंजीर. उन्हाळा सरता सरता सासऱ्यांची नोंद तीनशे बारावर गेली. त्यांनी नवी वही केली.

आता चूक करायची नव्हती. फळ झाडावरच पिकू द्यायचं आणि पाखरांपासून वाचवायचं. मी जाळी आणली, झाडावरून खाली सोडली, कडा विटांनी दाबल्या. शेजारच्या हेडबाई (त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका; सगळा रस्ता त्यांना हेडबाईच म्हणतो) कुंपणापलीकडून म्हणाल्या, "एकही पाखरू आत जाणार नाही हो!"

पाखरू गेलं नाही. सासरे गेले.

सकाळची फळमोजणी करायला ते जाळी उचलून आत शिरले, वाकले, आणि त्यांच्या सदऱ्याची तीन बटणं, चष्म्याची दोरी आणि काठीची मूठ जाळीत अडकली. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस; मदतीसाठी हाक मारणं त्यांच्या स्वभावात नाही. मी ऑफिसात, बायको बाजारात. ती परतली तेव्हा सासरे जाळीच्या आत ताठ उभे होते आणि चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं.

"बाबा! किती वेळ उभे आहात?"

"एक तास पन्नास मिनिटं."

"अहो, मग हाक नाही का मारायची?"

"गैरसोय अशी काही नव्हती. अंजिरं उत्तम पिकली आहेत. सव्वीस खाल्ली."

पुढचे दोन दिवस आमच्या घरातली एक खोली कायमची सासऱ्यांच्या ताब्यात होती. (मी आणि बायको आळीपाळीनं हेडबाईंकडे जात होतो. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त दार उघडून बाजूला होत होत्या.) तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. सासरे अंथरुणावर पडून, खोल गेलेल्या आवाजात तपशील देत होते, वेळेसकट. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आजोबा, आता वर्षभर अंजिराचं नावसुद्धा काढायचं नाही. ताजं नाही, सुकं नाही. तुमचं पोट आता त्या पावडरीवरच ठेवायचं."

डॉक्टर गेले. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. झाडावर दोनशे शहाऐंशी अंजिरं होती आणि ज्याच्यासाठी ती पिकवली त्याला ती बंद.

पिकलेलं अंजीर थांबत नाही. आज मऊ, उद्या गळालेलं, परवा मुंग्यांचं. सकाळी बादली भरावी तर संध्याकाळी दुसरी तयार. हेडबाईंना पहिल्या दिवशी वाटीभर दिली, "अय्या, किती गोड!" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी "अहो, कशाला?" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत रेडिओ चालू होता. ऑफिसात मी डबा घेऊन दिसलो की जो तो फोनवर बोलायला लागे. आमच्या शिपायानं तर बंद पडलेला फोन कानाला लावला होता.

"सुकवू या," मी म्हणालो. गच्चीवर पलंगपोस अंथरला, अंजिरं चिरून मांडली. तास-दोन तासांनी पाहायला गेलो तर पलंगपोस हलत होता. मुंग्या. सगळ्या वस्तीतल्या. त्यांना हाकलताना मला कळलं की बायकोनं तो पलंगपोस पाहुण्यांसाठी ठेवलेला होता. (कळलं म्हणजे, कळवण्यात आलं.)

उरला जाम. बायको त्या दिवशी तिच्या बहिणीकडे मुक्कामाला गेली होती, आणि जाताना बजावून गेली होती, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नका." मी तिला चकित करायचं ठरवलं. सर्वात मोठ्या पातेल्यात अंजिरं घातली, साखर घातली आणि ढवळत बसलो. मिश्रण पातळच दिसे. आणखी आटवलं. तरी पातळ. आणखी आटवलं. जाम गार झाल्यावर घट्ट होतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. नंतर ते सगळ्या रस्त्याला ठाऊक झालं.

भरायला बरण्या नव्हत्या. स्वयंपाकघरात मात्र एकोणीस होत्या. फक्त त्या भरलेल्या होत्या. त्या मी रिकाम्या केल्या आणि आतलं सामान वर्तमानपत्राच्या पुड्यांमध्ये बांधून ओळीनं ठेवलं. कुठल्या पुडीत काय ते लिहायचं राहिलं. (दुसऱ्या दिवशी चहात सोडा पडला. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, पुरेसं बोलून झालेलं आहे.)

सकाळी सासऱ्यांनी कुतूहलानं बरणीत रोवलेला चमचा उचलला. चमच्याबरोबर बरणी उचलली गेली. त्यांनी ती हलवली, उलटी केली, टेबलावर आपटली. चमचा ढिम्म हलला नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल आदर होता, "हद्दीचे दगड बसवायला आम्हाला असा माल मिळाला असता, तर निम्मी भांडणं झालीच नसती."

मी खाली मान घालून बसलो. बायको आली, तिनं पुड्यांची रांग पाहिली, बरण्या पाहिल्या, मला पाहिलं. मी ओरडा खायला तयार होतो. पण ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदर खोचला, बरण्या गरम पाण्यात उभ्या केल्या, जाम खरवडून पातेल्यात घेतला, पाणी घातलं आणि मंद आचेवर अर्ध्या तासात तो असा केला की पावावर नुसता लावला तरी सरळ पसरावा. सासऱ्यांनी प्रत्येक बरणीवर आपल्या सुरेख अक्षरात क्रमांक आणि तारीख लिहिली. त्यांना खायची बंदी होती, लिहायची नव्हती. तारेचं भेंडोळं बायकोनं स्वतःहून माळ्यावर टाकलं.

थंडी पडल्यावर नर्सरीवाला आमच्या रस्त्यावर कुणाकडे तरी आला होता. बायकोनं त्याला आत बोलावलं. चहाबरोबर जाम लावलेला पाव खाऊन तो झाडाभोवती दोन चकरा मारून आला.

"चार वर्षं वांझ होतं म्हणता? काय केलंत काय?"

बायकोनं सगळं सांगितलं. छाटणी, खत, पाणी, पाणी बंद, पुन्हा पाणी. मी भिंतीला टेकून, शक्य तितक्या नम्र चेहऱ्यानं कौतुकाची वाट पाहत होतो.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "झाड घाबरलं. आता आपण वाचत नाही असं वाटलं की काही झाडं जीव तोडून फळ धरतात. यापुढे छाटणी मी करतो. या साहेबांनी हात लावायचा नाही. मधूनमधून झाडासमोर नुसतं उभं राहायचं. तेवढंही पुरे."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी बायको मला दहा मिनिटं परसात उभं करते. बोलायचं नाही, हात मागे बांधायचे. सासरे घड्याळ लावून बसतात. झाडाला आत्ताच कोंब दिसायला लागले आहेत.

गेल्या रविवारी हेडबाई कुंपणाशी आल्या. मला वाटलं, माझी कीव करायला आल्या असतील.

"अहो," त्या बायकोला म्हणाल्या, "आमचं डाळिंब तीन वर्षं नुसतं फुलतंय, फळ काही धरत नाही. यांना अर्धा तास पाठवता का?"

"अर्धा कशाला, तासभर ठेवा," बायको म्हणाली. "फक्त कशाला हात लावू देऊ नका."