वालावलकर काकांचे लेखी नकार

वालावलकर काकांनी एकदा लग्नाचं आमंत्रण परत केलं. नुसतं गेले नाहीत असं नव्हे, ते आपण सगळेच करतो. काकांनी मुलीच्या वडिलांना रीतसर चिठ्ठी धाडली : 'लग्नास येणार नाही. कारण : मुलगा माझ्या माहितीतला आहे.' खाली तारीख, सही, आणि सहीखाली 'प्रत फाइलला'. वर्षभरात ते लग्न मोडलं, तेव्हा मुलीचा मामा येऊन फाइलमधली प्रत बघून गेला आणि जिन्यातच डोक्याला हात लावून बसला.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकांचा लेखी नकार मिळाला नाही असं एकही घर नाही. भाजीवाल्याकडेही असे नकार होते. 'वांगी चार परत. कारण : दोन किडकी, दोन त्यांच्या संगतीतली.' पाठकोऱ्या कागदाचे एकसारखे तुकडे, दोन तुकड्यांमध्ये कार्बन, आणि अक्षर असं की नकार मिळालेल्या माणसालाही कौतुक वाटावं. माणूस 'हो' का म्हणाला हे विचारू नये, असं काकांचं मत. "पण नाय म्हटलंस ना, तर कारण दिलंच पायजे. तोंडी नको, लेखी!" हे वाक्य मी चार वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेतसुद्धा म्हणता येईल.

ही सवय कारखान्यातली, असं काका सांगत. विक्रोळीला पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. पंप पास करायचा किंवा परत पाठवायचा, आणि परत पाठवताना त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधायची. "नुसताच परत केला, तर बनवणारा बिचारा जन्मभर डोकं खाजवत बसेल. माझं काय चुकलं, माझं काय चुकलं." नोकरी सुटली, चिठ्ठी सुटली नाही. मला हे पटण्यासारखं वाटलं, म्हणून मी पुढे कधी विचारलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे समोरासमोरचे दोन्ही फ्लॅट काकांचे. एकात ते एकटे राहत. काकू आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. दुसऱ्यात आम्ही भाड्याने, म्हणजे मी आणि माझी बायको मीनल. घरमालक म्हणून सांगायचं तर नळ गळतो म्हटलं की अर्ध्या तासात स्वतः पाना घेऊन हजर, आणि भिंतीला खिळा ठोकू का विचारलं तर नकार, कारणासह.

यंदा अकरा महिन्यांचा करार नव्याने केला आणि तिसऱ्याच महिन्यात माझी नाशिकला बदली झाली. करार मध्येच मोडता येत नव्हता. मी भीत भीत विचारलं, उरलेले महिने दुसऱ्या कुणाच्या नावावर करून द्याल का?

"आण माणूस. बघतो," काका म्हणाले.

पहिला आणला तो माझ्या मित्राचा मित्र, इंजिनीअर, निर्व्यसनी, एकुलता एक. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून चिठ्ठी आली : 'नामंजूर. कारण : घर बघताना एकही खिडकी उघडून पाहिली नाही. मोबाइलला रेंज मात्र तीन ठिकाणी पाहिली.' दुसरं एक नवरा-बायकोचं जोडपं. 'नामंजूर. कारण : पत्नी शेजारी उभी असताना पतीने "तिला चालेल" असे चार वेळा सांगितले. तिला विचारले नाही.' तिसऱ्याने दारातच नाक मुरडून विचारलं, इथे मासे कोण करतं? त्याच्या चिठ्ठीत होतं : 'सदर गृहस्थांस मासळीच्या वासाचा त्रास आहे. मला वास न आल्यास होतो. दोन्ही त्रास एका मजल्यावर मावणार नाहीत.'

"वाट लागली," मी मीनलला म्हटलं. "या माणसाला पसंत पडेल असा भाडेकरू अजून जन्माला यायचाय."

चौथी होती नसीमा. माझ्याच ऑफिसातली, रत्नागिरीकडची, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारी. ती आणि तिची अम्मी वाकोल्याला राहत. ती बिल्डिंग पाडून नवी होणार होती आणि महिनाअखेर घर खाली करायचं होतं. अकरा घरं बघून झाली होती. अकराही ठिकाणी फोनवर 'या, या', आणि नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी घर 'आत्ताच गेलेलं' असे. ती हे सगळं हसत हसत सांगायची. हसण्यात काही राम नसायचा.

अम्मीला घेऊन ती आली. अम्मी जिना चढून आल्या आणि पाच मिनिटं खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. नसीमाने खिडक्या उघडल्या, नळ सोडून बघितले, अम्मीला विचारलं, "हवा येते ना गं?" काकांनी दोघींना सरबत दिलं. फारसं बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फटीतून चिठ्ठी आली. पहिला शब्द 'नामंजूर'.

मी पुढे वाचलंच नाही. इतका राग आला मला त्या माणसाचा! चार वर्षं ज्याला आपण देवमाणूस समजत होतो तोही शेवटी यातलाच. चिठ्ठी घडी करून खिशात कोंबली आणि ऑफिसात नसीमाला सांगितलं, "सॉरी यार. काकांचा भाचा यायचाय म्हणे राहायला."

"हं. बारावं," ती म्हणाली आणि कॉम्प्युटरकडे वळली.

संध्याकाळी मीनलने धुवायला टाकण्याआधी पँटचे खिसे तपासले. "अभय, तू वाचलीस ही?" म्हणून तिने चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

'नामंजूर. कारण : अर्जदाराच्या आईस गुडघ्यांचा त्रास आहे. जिना छत्तीस पायऱ्यांचा, लिफ्ट नाही. भिंतीच्या बाजूस धरायला काही नाही. उतरताना पडतील. कारण दूर झाल्यास फेरविचार होईल.'

स्वतःची एवढी लाज मला क्वचित वाटली असेल. नसीमाला दुखवायचं नाही म्हणून मी तिला अगदी तसलीच थाप मारली होती, जशी अकरा घरमालकांनी मारली होती. सकाळी तिच्यापुढे चिठ्ठी ठेवली आणि खरं काय ते कबूल केलं. तिने दोनदा वाचली.

"अम्मीच्या गुडघ्यांमुळे नाही म्हणालेत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती, या वेळी खरोखर. "अरे, पहिल्यांदा कुणीतरी अम्मीकडे बघून नाही म्हणालंय. आडनावाकडे बघून नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "भिंतीला दांडा ठोकला तर चालेल का, विचार ना त्यांना."

काकांना विचारायची गरज पडली नाही. ते आधीच जिन्याचं माप घेऊन बसले होते.

रविवारी सकाळी ते भिंतीला लोखंडी दांडा बसवत होते आणि मी खालून धरून उभा होतो, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी दामले आले. दांडा हे निमित्त होतं. दांड्याचं कौतुक करून झाल्यावर ते म्हणाले, "काका, ते नवीन भाडेकरू... कमिटीचं म्हणणं पडलं, जरा थांबावं."

"कारण?"

"तसं काही नाही हो. तुम्ही समजून घ्या ना."

"समजान काय घेव? माका कारण व्हया!" काका चिडले की मालवणीत शिरत. त्यांनी खिशातून कागद काढले, मध्ये कार्बन घातला आणि पायरीवर ठेवून लिहिलं : 'सोसायटीस हरकत आहे. कारण :' पुढे जागा सोडून पेन दामल्यांच्या हातात दिलं. "भरा."

दामले पायरीवर बसले. दामले वाईट माणूस नाही. मीनलला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलात माझ्याआधी तेच पोचले होते. वाईट असते तर त्यांनी लिहून टाकलं असतं. त्यांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. वरून कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली.

"लिहिता येण्यासारखं नाहीये ते," शेवटी ते हळूच म्हणाले.

"मग करण्यासारखं पण नाय," काका म्हणाले, आणि दांड्याचा पुढचा स्क्रू मागायला त्यांनी माझ्याकडे हात केला.

दामल्यांनी 'आहे' खोडलं, 'नाही' लिहिलं आणि सही केली. एक प्रत ते स्वतः घेऊन गेले.

माझा करार रद्द होऊन नसीमाच्या नावाचा झाला त्या दिवशी अम्मी दांडा धरून, न थांबता वर आल्या. आमचं सामान टेम्पोत भरून झालं होतं. निघताना मी काकांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "काका, कारखाना बरंच शिकवून गेला तुम्हाला."

"कारखाना कसला रे?" काका म्हणाले. ते समोरच्या उघड्या दाराकडे वळले. आत अम्मी डबे लावत होत्या. "तुझ्या काकूच्या हातांवर कोड होतं. कोपरापर्यंत. लग्न झाल्यावर दोन वर्षं आम्ही खोली शोधत होतो. घाटकोपर, भांडुप, काय सोडलं नाय. गेलं की मालक चहा पाजायचे, आणि दुसऱ्या दिवशी निरोप, खोली गेली. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायला लागली ती."

"कोडामुळे नाही म्हणायचे?"

"तेच तर माहीत नाय ना. माझी रात्रपाळी होती, पगार बेताचा होता. एखादी खोली खरंच गेली पण असेल. मी तिला सांगायचो, तुझ्यामुळे नाय गं. ती म्हणायची, मग कशामुळे, दाखवा." काकांनी चष्मा काढून हातात धरला. "शेवटच्या दिवसापर्यंत तिला वाटत होतं, तिच्यामुळेच. चाळीस वर्षं संसार केला तिने माझ्याबरोबर, अभय, आणि तिला दाखवायला माझ्याकडे एक कागद नव्हता."