चार हातांची दाढ

दुपारी दोन्ही मुलं एकदम झोपली होती आणि घरात कधी नव्हे ती शांतता होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात कागद चुरगळल्याचा आवाज झाला. आवाज मुलांच्या आईनेच केला होता, तरी दचकली तीच. मूठ होती तशीच आवळून ती आतल्या खोलीकडे कान लावून उभी राहिली.

कागद हा जगातला सर्वांत चुगलखोर पदार्थ आहे. काचेचा पेला फुटतो तेव्हा एकदाच ओरडतो आणि गप्प होतो. कागद मुठीत दाबला की करकरतो, आणि मूठ सोडली की हळूहळू उलगडत झालेला सगळा प्रकार पहिल्यापासून सांगायला लागतो. पाच वर्षांच्या मुलीची झोप नेमकी याच आवाजाने मोडते. तिच्या उशाशी मिक्सर फिरवा, दारावरची घंटा वाजवा, धाकट्या भावाने टाहो फोडू द्या, ती कूस बदलणार नाही. (यावर संशोधन झालेलं नाही. संशोधन करणाऱ्यांना मुलं नसावीत.)

या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी चित्रं काढत असे. रोजची आठ, सुट्टीच्या दिवशी चौदा, आणि पाहुणे आले तर त्यांच्यासमोर मोजदादीपलीकडे. कागदाला तोटा नव्हता. तिचे बाबा ऑफिसातून एका बाजूने वापरलेले कागद घेऊन येत, त्यामुळे भिंगरीच्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर कुणाचा तरी रजेचा अर्ज असे.

या चित्रांची विल्हेवाट लावण्याची आईची एक रीतसर पद्धत होती. चित्र प्रथम फ्रिजच्या दारावर जाई. तिथे त्याला तीन दिवसांची मुदत मिळे. मुदत संपली की ते आजीकडे पाठवायच्या चित्रांच्या खणात. आणि खण भरला की चौघडी घालून काळ्या पिशवीत, भाजीच्या देठांखाली. भिंगरीने विचारलं, "चित्र कुठे गेलं?" की उत्तर ठरलेलं होतं, "आजीकडे." आजी, म्हणजे तिची स्वतःची आई, दुसऱ्या गावात राहायची आणि कटात पूर्ण सामील होती. फोनवर ती न चुकता सांगायची, "मिळालं गं बाळा. भिंतीवर लावलंय." एव्हाना आजीच्या भिंती संपून चित्रं शेजारपाजाऱ्यांच्या घरांत शिरली असायला हवी होती. पण पाच वर्षांच्या माणसाचा आजीच्या भिंतींवर पुष्कळ विश्वास असतो.

या व्यवस्थेत कुणाचंही मन दुखावत नव्हतं, आणि चांगल्या व्यवस्थेचा निकष दुसरा काय असतो? एवढं एकच तिला जपायचं होतं, की भिंगरीला हे कधी कळू नये.

मग नगरपालिकेने काळी पिशवी बंद केली.

कारभारात पारदर्शकता आणा, अशी नागरिकांची फार जुनी मागणी होती. कारभार हा मोठा असतो, तो एकदम सगळीकडून पारदर्शक करता येत नाही. म्हणून सुरुवात पिशव्यांपासून झाली. यापुढे प्रत्येक घराने आपला ओला, सुका आणि घातक कचरा आरपार दिसणाऱ्या पिशव्यांत भरावा, आणि दुकानं, दवाखाने, कार्यालयं यांनी तशाच पण निळ्या पट्ट्याच्या पिशव्यांत भरावा, असं ठरलं. पिशव्या सकाळी सातला फाटकाबाहेरच्या आकड्यावर टांगायच्या होत्या. गाडी दहाला, किंवा गाडीला जमेल तेव्हा, येणार होती. कागद कोरडा, सपाट आणि घडी न घालता ठेवायचा होता, म्हणजे कागदाच्या आत कागदच आहे हे जाणाऱ्या-येणाऱ्यालाही कळावं. घरचा कचरा निळ्या पट्ट्याच्या पिशवीत, किंवा निळ्या पट्ट्याचा घरच्या पिशवीत आढळला, तर दोन्ही दारांवर वर्षभरासाठी तांबडा शिक्का, नजरेच्या उंचीवर. (कुणाच्या नजरेच्या, हे नियमात नव्हतं. पहिले काही शिक्के एका उंच कर्मचाऱ्याने लावले, ते आजवर कुणी वाचलेले नाहीत.)

नियमाचे परिणाम अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले झाले. ज्या गल्लीत सकाळी कुणी घराबाहेर पडत नसे, तिथे सगळे फेरफटक्याला निघू लागले, आणि फार सावकाश चालू लागले. फळांच्या सालींचं प्रमाण महिन्याभरात दुप्पट झालं. फळं खाण्याचं प्रमाण मात्र, मुलांना विचारलं असता, होतं तेवढंच राहिलं. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक शब्दकोशाचं एक रिकामं खोकं सकाळी पिशवीत सगळ्यांत पुढे ठेवत आणि गाडी दिसली की काढून घरात नेत. ते खोकं सहा आठवडे चाललं. पुढे दुसऱ्या खंडाचंही आलं.

भिंगरीची आईसुद्धा शिकली. धाकट्याच्या जन्मापासून निम्मा स्वयंपाक तयार सूपच्या पाकिटांवर निभत होता. ती संत्र्याची सालं पुढे लावायची आणि पाकिटं मागे. यालाच वर्गीकरण म्हणतात.

पण चित्रांचं काय करायचं? पिशवीचा आकडा जमिनीपासून बरोबर पाच वर्षांच्या मुलीच्या नाकासमोर येत होता, आणि भिंगरी रोज सकाळी तिथूनच शाळेत जायची. त्यामुळे चित्रं घरातच राहिली. ती गादीखाली गेली, वॉशिंग मशिनच्या मागे गेली, धान्याच्या रिकाम्या डब्यात गेली. एक दिवस भिंगरीचे बाबा पलंगावर टेकले आणि पलंग करकरला.

"गादी काहीतरी बोलतेय," ते म्हणाले.

"हळू बस. तीनशे चित्रं आहेत."

"ठेवून देऊ ना सगळी. आठवण राहील."

"कुठे ठेवू? जागा दाखव, आत्ता ठेवते."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मी ऑफिसात नेऊन टाकतो."

"तिथे निळा पट्टा आहे. घरचं चालत नाही."

"मग तिला खरं सांगून टाक."

"तू सांग."

"मी आंघोळीला जातो," ते म्हणाले, आणि संध्याकाळचे सहा वाजले असतानाही गेले.

वाट निघाली ती जिन्यात. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. पुढे दवाखाना, मागे घर. डॉक्टर मनाने चांगले होते, हाताने हलके होते, आणि काही दिवसांपासून चेहऱ्याने उतरले होते.

"वहिनी," एकदा ते तिला कठड्यापाशी थांबवून म्हणाले, "तुमच्याकडे लहान मुलं आहेत."

"आहेत."

"लहान मुलांच्या घरच्या पिशवीत टॉफीचे कागद दिसले, तर कुणाला काही वाटत नाही."

"कुणाच्या टॉफीचे?"

डॉक्टरांनी जिना वर पाहिला, खाली पाहिला. "एका पेशंटच्या."

"रोज येतो का पेशंट?"

"घरातच असतो."

तिने जिन्यातून वर, आपल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "डॉक्टर, तुमच्याकडे मुलं नंबर येईपर्यंत चित्रं काढत बसत असतील ना?"

"नाही. रडत बसतात."

"पण काढू शकतील."

डॉक्टरांनी विचार केला. "काढू शकतील," ते म्हणाले.

अशा रीतीने टॉफीचे कागद वर आले आणि चित्रं खाली गेली, दवाखान्याच्या पिशवीत; ती पिशवी दुसऱ्या फाटकावर, भिंगरीच्या वाटेबाहेर टांगलेली असे. नियमाच्या दृष्टीने हा गंभीर गुन्हा होता. बाकी कुठल्याही दृष्टीने पाहिलं तर शेजारधर्म होता. गल्लीने तिच्या पिशवीतले टॉफीचे कागद लगेच टिपले. समोरचे मुख्याध्यापक तिच्या कडेवरच्या धाकट्याकडे पाहत म्हणाले, "याला दात यायचेत ना अजून?"

"हो, काका."

"बरं आहे. खाली डॉक्टर आहेतच." यापुढे ते काही बोलले नाहीत, पण ते न बोलणं गल्लीभर ऐकू गेलं.

गादी हळूहळू खाली बसली. रात्री बाबा कूस बदलू लागले तरी आवाज होईना. आज दुपारी ती धान्याच्या डब्यातली शेवटची चित्रं बाहेर काढत होती. त्यातलं एक डब्याच्या झाकणात अडकून चुरगळलं, आणि हा आवाज झाला.

आत कुणी हललं नाही. तिने श्वास सोडला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात नगरपालिकेच्या निरीक्षकबाई उभ्या होत्या. हातात रबरी मोजे, दोन बोटांत टोकाला धरलेलं एक चित्र. त्यांच्यामागे दोन पायऱ्या खाली डॉक्टर, भूल उतरत असलेल्या माणसासारखे.

"हे दवाखान्याच्या पिशवीत सापडलं," निरीक्षकबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, त्यांचंच आहे."

"दाढेची आकृती आहे ती," डॉक्टर मागून म्हणाले. "पेशंटला समजावून सांगायला लागते."

"दाढेला चपला आहेत."

"ती मुळं आहेत."

"आणि वर केस?"

"हिरड्या. सुजलेल्या."

"हात चार आहेत, डॉक्टर."

"वरच्या दाढेला," डॉक्टर म्हणाले, आणि आयुष्यभराची विद्या पणाला लावून पुढचं वाक्य पुरं केलं, "क्वचित असतात."

निरीक्षकबाईंनी कागद उलटा केला. "मागे किरकोळ रजेचा अर्ज आहे. ऑफिस तुमच्या यजमानांचं आहे, मी विचारून आले. ताई, मला फक्त एवढंच लिहायचंय. हे तुमच्या घरातलं आहे का?"

हो म्हटलं तर दोन तांबडे शिक्के, एक वर आणि एक खाली, आणि रोज शाळेत जाताना भिंगरी विचारणार, हा शिक्का कशाचा. नाही म्हटलं तर काहीच नाही. कागद परत पिशवीत, पिशवी गाडीत. तिने फार विचार केला नाही. चुरगळलेलं चित्र अजून मुठीतच होतं. ती मूठ पाठीमागे नेऊन तिने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

मागे फरशीवर अनवाणी पावलं वाजली. भिंगरी डोळे चोळत उभी होती. गालावर उशीची खूण होती.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

निरीक्षकबाई थोड्या वाकल्या. सरकारी माणूस वाकला की त्याचा आवाजही थोडा उतरतो. "हो का? काय काढलंयस हे?"

"आई."

"आईला चार हात?"

"हा बाळाला घ्यायचा," भिंगरी बोट ठेवून सांगू लागली. "हा पातेलं ढवळायचा. हा फोनचा."

"आणि हा? याच्यात तर काहीच नाही."

"तो माझ्यासाठी ठेवलाय," भिंगरी म्हणाली. एवढ्या मोठ्या बाईला एवढं साधं कळू नये, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

डॉक्टर जिन्याचा कठडा पाहू लागले. निरीक्षकबाईंनी पेनाला टोपण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. हे चित्र आईने पूर्वी पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे एका हाताने दूध गाळताना, मान न वळवता, "वा, छान" म्हटलं होतं. चौथा हात तिला आत्ता दिसला. आणि तिच्या पाठीमागे, सैल पडलेल्या मुठीत, तो दुसरा कागद करकरत उलगडायला लागला.

(ज्या वाचकांच्या घरातून असं एकही चित्र कधी बाहेर गेलेलं नाही, त्यांनी इथेच थांबून या बाईला खुशाल नावं ठेवावीत. बाकीच्यांनी, कुणी पाहत नाही ना एवढं बघून, पुढे वाचावं.)

भिंगरीने निरीक्षकबाईंच्या बोटांतून चित्र काढून घेतलं. खाली बसून मांडीवर ठेवलं, तळहाताने एकदा सरळ केलं, पुन्हा एकदा केलं.

"पण हे तर आजीकडे होतं," ती म्हणाली. "आजी म्हणाली, भिंतीवर लावलंय."

चित्राच्या चारी कोपऱ्यांना तिने बोट लावून पाहिलं. भिंतीवरून काढल्याची खूण कुठेच नव्हती. मग तिने मान वर केली.

"आई, आजीला आवडलं नाही का?"